टॅब लावा, पण टेप काढू नका

महोदय,

घरात पडून असलेला टॅब गाडीत स्टीरिओ म्हणून कसा वापरायचा, याबद्दलचा मजकूर आपल्या रविवार पुरवणीत वाचला. तेव्हापासून माझ्या दुकानात कुणी ना कुणी टॅब हातात घेऊनच येतं. बहुतेक टॅब करोनाच्या काळात पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले. शाळा उघडल्या, पोरं मोबाइलवर गेली आणि टॅब कपाटात जाऊन पडले. ते गाडीत कामाला लावायची कल्पना चांगलीच आहे. नकाशा मोठा दिसतो, गाणी हवी तेवढी भरता येतात. माझा विरोध एवढ्याच सल्ल्याला आहे की जुना टेप, म्हणजे गाडीतला मूळ स्टीरिओ, काढून त्याच्या जागी टॅब बसवावा.

टेप म्हणजे नुसती बटणं आणि पडदा नव्हे. स्पीकर हलवणारा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या पोटात असतो. टॅबच्या हेडफोनच्या भोकातून निघणारा सिग्नल कानात घालायच्या बोंडांपुरता. त्यावर गाडीचे चार ओहमचे स्पीकर चालवायला जाणं म्हणजे सलाइनच्या नळीने कपाशीला पाणी देणं. टेपच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असतं, त्यावरही विश्वास ठेवू नका. टेपमागचा फ्यूज बहुधा १० अँपिअरचा असतो. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरले तरी त्यातून १४४ वॅटच्या वर काही सतत जाऊ शकत नाही, मग स्पीकरला २०० वॅट येणार कुठून? बऱ्याच टेपमध्ये टीडीए ७३८८ ही आयसी, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरची चिप, असते. तिचे कागदच एका स्पीकरला २६ वॅट सांगतात, आणि तेही आवाज चांगलाच फाटल्यावर. पण जे काय पंधरा-वीस वॅट स्वच्छ मिळतात, त्यावरच तुमची गाडी गाते. टेप काढला की वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, त्याला थेट बॅटरीवरून जाड वायर ओढा, बॅटरीजवळ फ्यूज टाका. फुकटचा टॅब मग फुकट राहत नाही.

एवढं करूनही एक दुखणं उरतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून ‘कुंईंई’ असा आवाज चढत जातो. गिऱ्हाईक म्हणतं स्पीकर गेला. स्पीकर ठणठणीत असतो. टॅबला चार्जिंगच्या वायरीतून एक अर्थ (निगेटिव्हची जोडणी) मिळतो, गाण्याच्या वायरीतून दुसरा, आणि त्या फेऱ्यात डायनामोचा आवाज शिरतो. गाण्याच्या वायरीत आयसोलेटर, म्हणजे अर्थ तोडून फक्त गाणं पुढे सोडणारी डबी, टाकला की तो थांबतो. त्याहून सोपं म्हणजे टेप जागेवरच ठेवा आणि त्यात ब्लूटूथ असेल तर गाणी त्यावरून पाठवा. वायरच नाही, तर फेरा कुठला?

जागेचं म्हणाल तर मोठ्या टेपची खाच १८० बाय १०० मिलिमीटरची. सात इंची टॅब साधारण २०० बाय १२० चा. मग ‘जरासं’ कापायला हॅक्सॉ ब्लेड निघतं. डॅशबोर्डच्या आत पिवळ्या वेष्टणाच्या वायरी जातात, त्या एअरबॅगच्या. तिथे ब्लेड फिरवणाऱ्या कारागिराला मी हात जोडतो.

आता उन्हाचं. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि काचा बंद करून उन्हात उभ्या गाडीत ६० सहज गाठतो. आयपॅडची कंपनी स्वतः सांगते, वापर ३५ अंशांपर्यंत आणि बंद ठेवायचा तरी ४५ पर्यंत. टॅबमध्ये लिथियमची बॅटरी असते. ती फुगते, पडदा कडेने उचलला जातो, पुढचं मी सांगायला नको. बाजारात मिळणारे तयार अँड्रॉइड स्टीरिओ आतून टॅबचेच भाऊ, पण त्यांच्यात बॅटरी नसते, ते गाडीच्या करंटवर चालतात. खाचेत कायमचा ठोकलेला टॅब दुपारी बाहेर काढणार कसा? म्हणून टॅब क्लिपवर, मधोमध, खालच्या बाजूला लावा आणि उतरताना पिशवीत घाला. डावीकडे डॅशबोर्डवर लावू नका. तिथली एअरबॅग उघडली तर टॅब शेजारच्याच्या तोंडावर येईल.

चार्जिंगही चावीवरच्या, म्हणजे चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या, वायरीवरून घ्या. कायम चालू असलेल्या वायरीवर जोडलं आणि टॅबचा पडदा चालूच राहिला तर दहा वॅटच्या हिशोबाने अँपिअरच्या आसपास करंट जात राहतो. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दोन दिवस लग्नाला गेलात की धक्का मारायला माणसं शोधा.

एका गोष्टीवर मात्र मी ऐकत नाही. तयार स्टीरिओला हँडब्रेकची एक बारीक वायर असते. हँडब्रेक ओढलेला असेल तेव्हाच व्हिडिओ दिसावा, म्हणून ती दिलेली. ‘भाऊ, तिला डायरेक्ट अर्थ देऊन टाका’, म्हणजे स्टीरिओला हँडब्रेक कायम ओढलेलाच वाटेल, ही मागणी माझ्याकडे नेहमी येते आणि मी ती नाकारतो. मग गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, जाऊ द्या. टॅबला तर ती वायरच नाही. समोर क्रिकेट चालू ठेवायचं की नाही, हे चालवणाऱ्याच्या अकलेवर. ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत गाडी चालवताना हातातल्या उपकरणाचा वापर फक्त नकाशावर रस्ता पाहण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित न होता करायचा, असं लिहिलेलं आहे. टॅब हातात नाही, क्लिपवर आहे, असा वाद घालणारेही भेटतात. डोळे कुठे आहेत ते विचारलं की गप्प होतात.

टेप राहू द्यायचं आणखी एक कारण, जरा घरचं. टॅबमध्ये सहसा एफएम नसतो, आणि सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्याशिवाय मी दुकानाचं शटर वर करत नाही. नुसत्या वायफायच्या आयपॅडमध्ये जीपीएसही नसतो. नकाशासाठी घ्यायचा असेल तर ते आधी बघा.

पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा सोबत वायरिंगचं चित्र द्यावं, ही विनंती. टेपची पिवळी वायर कायम चालू, लाल चावीवर, काळी अर्थ, एवढं ठळक असू द्या. गाडीच्या मूळ वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून आधी टेस्ट लॅम्पने तपासा आणि वायर कापण्याऐवजी कपलर (जोडणीचा तयार प्लग) लावा, हेही लिहा. हल्ली गिऱ्हाइकं पुरवणीचं कात्रण दाखवून मला काम शिकवतात. कात्रण तरी बरोबर असावं.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, अकोला
(नाव छापू नये. गिऱ्हाइकं ओळखीची आहेत.)