समासातले तांबडे ठिपके

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

सलग दोन वर्षे दर रविवारी सकाळी आपण मला इंग्रजी व्याकरण शिकवलेत आणि मी फीचा विषय काढला की चहाचे आधण ठेवायला उठून गेलात. त्यामुळे तोंडी आभार मानण्याची संधी मला कधी मिळालीच नाही. ते आता लेखी आणि चारचौघांच्या देखत मानते आहे.

मी आपल्याकडे का आले, हे आपण विसरला नसाल. नाशिकहून युरोपात द्राक्षे पाठवणाऱ्या एका कार्यालयात मी पत्रव्यवहार सांभाळते. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. आमच्या वेळी ते पाचवीत भेटले आणि दहावीपर्यंत मी ते निव्वळ पाठांतरावर निभावले. 'हार्ड' या विशेषणाला 'ली' जोडले की झाले क्रियाविशेषण, एवढ्या भांडवलावर मी रॉटरडॅमच्या खरेदीदाराला 'वुई हॅव हार्डली चेक्ड द बॉक्सेस' असे कळवले होते. मला म्हणायचे होते की पेट्या कसून तपासल्या आहेत. त्याने वाचले की त्या जेमतेम तपासल्या आहेत. त्याचा फोन आला तेव्हा झालेली माझी अवस्था आपल्याला सांगितली, तर आपण आधी पोटभर हसलात आणि मग जुन्या दिनदर्शिकेचे पान उलटे करून पुढ्यात ठेवलेत.

त्या पानांवर आपण बरोबर उत्तर कधीच लिहिले नाही. ज्या ओळीत जितक्या चुका, तितके तांबड्या पेन्सिलीचे ठिपके समासात द्यायचे आणि चूक मी शोधायची, ही आपली पद्धत सुरुवातीला मला, खरे सांगते, दुष्टपणाची वाटे. 'शी सिंग्ज गुड' या तीन शब्दांपुढच्या एका ठिपक्यावर मी पाऊण तास घालवला होता. अखेर आपणच विचारलेत, "मराठीत कसे म्हणशील?" मी म्हटले, "ती चांगली गाते." "आणि तो?" "तो चांगला गातो." तेव्हा उलगडले की मराठीत तोच 'चांगला' नामापुढेही येतो आणि क्रियापदापुढेही, वर कर्त्याप्रमाणे रूपही बदलतो, इंग्रजीत मात्र नामासाठी 'गुड' आणि क्रियेसाठी 'वेल' अशी वेगळी सोय आहे. चूक माझ्या बुद्धीची नव्हती, सवयीची होती, हे त्याआधी मला कोणीही सांगितले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात उत्साहाच्या भरात मी 'द ग्रेप्स टेस्ट स्वीटली' असे लिहून आणले. आपण ताटलीतले एक द्राक्ष माझ्या हातावर ठेवून विचारलेत, "गोड काय आहे, द्राक्ष की चाखणे?" तेव्हापासून 'टेस्ट', 'लुक', 'स्मेल' ही क्रियापदे दिसली की मी आधी तो प्रश्न स्वतःला विचारते.

क्रियापदांच्या तीन रूपांचे तक्ते मी वर्णानुक्रमे घोकत असे. ते आपण बाजूला ठेवायला लावून रूपांच्या ध्वनींप्रमाणे घराणी पाडून दिलीत: सिंग-सँग-संग आणि रिंग-रँग-रंग एका घरातले, तर कट, पुट, शट यांना तिन्ही काळ सारखेच. 'ब्रिंग' दिसायला पहिल्या घरातले असले तरी त्याचे 'ब्रॉट' होते, आणि मी बिनधास्त 'ब्रँग' लिहिल्यावर एकाऐवजी दोन ठिपके मिळाले होते. (दुसरा रागाचा असावा, असा माझा अजूनही संशय आहे.) 'डिड नॉट वेंट' मात्र एका वाक्यात सुटले: भूतकाळाचा भार 'डिड'ने उचलला असताना तो 'गो'वर पुन्हा कशाला लादायचा? सर्वांत चिवट चूक 'द कंटेनर हॅज लेफ्ट येस्टरडे' ही निघाली, कारण 'कंटेनर काल रवाना झाला आहे' हे मराठीत सहज चालते. 'काल' असा नेमका दिवस सांगितला की 'हॅज' गाळायचा, हे मला वहीत चौतीस वेळा लिहावे लागले.

या हंगामातला पहिला कंटेनर परवा न्हावा शेव्याहून निघाला. त्याबद्दलचा मेल मी कोणालाही न दाखवता पाठवला आहे आणि त्याची छापील प्रत घेऊन येत्या रविवारी येते आहे. पेन्सिल तासून ठेवावी.

आपली विद्यार्थिनी