सेफ्टी फिल्म लावली तरी काच फुटतेच

महोदय,

व्यापारी इमारतींच्या काचांना सेफ्टी फिल्म (काचेवर चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ थर) लावण्यावरील कालच्या लेखाला ‘आता काचा फुटणार नाहीत’ असे शीर्षक वाचून फार वाईट वाटले. दगड बसला की काच तडकणारच. सेफ्टी फिल्मचे काम त्यानंतर सुरू होते. तुकडे जागीच धरायचे, खाली उभ्या माणसावर पडू द्यायचे नाहीत. गणपत गल्ली, खडेबाजारची गर्दी पाहता एवढा फायदा पुष्कळ आहे.

लेखात उन्हाची फिल्म आणि सेफ्टी फिल्म एकच धरली आहे. उन्हाची फिल्म साधारण ५० मायक्रॉनची (१००० मायक्रॉन म्हणजे १ मि.मी.). तुकडे धरायला १०० मायक्रॉन तरी हवी, दगडफेक किंवा चोरीची भीती असेल तर २००. गडद रंगाचा मजबुतीशी संबंध नाही, पारदर्शक फिल्मही तितकीच पक्की असते. उलट पश्चिमेकडच्या, आत तारेची जाळी असलेल्या किंवा दुहेरी काचेवर गडद फिल्म मारली की मधला भाग तापतो, चौकटीतली कड थंड राहते आणि काच आपोआप तडकू शकते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लेखात नाहीच. फिल्म आतल्या बाजूने, काचेभोवतीच्या रबर पट्टीपासून १-२ मि.मी. अलीकडे कापून लावतात, म्हणजे ती चौकटीला कुठेच धरलेली नसते. टफन काच (तापवून कणखर केलेली) फुटली की एकदम बारीक खडे होतात आणि फिल्मला चिकटलेले ते सगळे पान ओल्या घोंगडीसारखे चौकटीतून निसटते. ६ मि.मी. जाडीच्या ४ बाय ६ फुटी काचेचे वजन ३३ किलोंच्या आसपास असते! म्हणून चारी कडांना स्ट्रक्चरल सिलिकॉन (फिल्म चौकटीला जखडणारा रबरासारखा मजबूत चिकट मसाला) हवे, साधारण १० मि.मी. फिल्मवर आणि तेवढेच चौकटीवर. कोटेशनमध्ये मायक्रॉन आणि हे सिलिकॉन दोन्ही लिहून घ्यावे.

हे काम आपल्याकडच्या पावसाळ्यात काढू नये. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवतात. स्क्विजीने (पाणी ओढायच्या रबरी पट्टीने) कितीही ओढले तरी थोडे पाणी आत राहते आणि ते फिल्ममधूनच सुकावे लागते. जाड फिल्मला दमट हवेत महिन्याहून जास्त लागतो. दिवाळीनंतर काम करावे, कडा कोरड्या झाल्यावरच सिलिकॉन भरावे, ३० दिवस काच पुसू नये. पाण्याचे फुगे जातात. धुळीचा कण अडकला तर तो तसाच राहतो, म्हणून आधी काच ब्लेडने खरवडून घ्यावी. अमोनियाचा क्लीनर नंतरही वापरू नये.

वरच्या मजल्यांवर अग्निशमन दलाला आत येण्यासाठी ठेवलेल्या काचांना जाड फिल्म लावू नये. ती फोडून आत शिरायला वेळ जातो.

आणि काचेचाच विषय निघाला आहे तर, कॉलेज रोडपासून खानापूर रोडपर्यंत दुकानांच्या पूर्ण काचेच्या दारांवर डोळ्यांच्या उंचीला साधी पांढरी पट्टी का नसते? वयस्कर माणसे कपाळ आपटून घेतात. पट्टीला खर्च जवळजवळ काहीच नाही.

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव