दुःखाची बातमी होते, गाण्याचीही व्हावी

महोदय,

नागपुरात स्वतः गाणी लिहून, चाल लावून गाणारी मुले-मुली वाढत आहेत आणि वृत्तपत्रे त्यांची दखल घेत आहेत, याचे आम्हा ध्वनिमुद्रकांना आणि संगीत संयोजकांना समाधान आहे. पण अशा बहुतेक लेखांत आजारपण, घरातला मृत्यू, सुटलेली नोकरी यांवरच रकाने भरतात आणि शेवटी 'संगीताने सावरले' एवढे एक वाक्य उरते. कसे सावरले, हे कुठेच येत नाही. रेशीमबागेतल्या सभागृहाला ज्यांचे नाव आहे, त्या सुरेश भटांचा पाय बालपणीच पोलिओने अधू झाला होता. त्यांची गझल आजही ऐकली जाते ती वृत्ताच्या चोख बांधणीमुळे. नव्या मुलांच्या बांधणीकडेही कुणी पाहावे, एवढेच मागणे आहे.

वहीतले दुःख जसेच्या तसे गाता येत नाही. समजा, 'बाबा गेल्यापासून घरात कुणी रेडिओ लावत नाही' अशी ओळ आहे. ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन धरल्यास तिच्या ३३ मात्रा होतात. केरवा हा आठ मात्रांचा ताल. त्याची चार आवर्तने, म्हणजे चार फेऱ्या, ३२ मात्रांच्या, म्हणजे एक मात्रा सांडते आणि श्वासाला जागाच नाही. त्याच ओळीतून 'लाव ना आई रेडिओ' असा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी मुख्य ओळ, काढला की १४ मात्रा होतात. दोन आवर्तनांत तो बसतो आणि दोन मात्रा श्वासाला उरतात. तक्रारीचा आर्जव झाला, गाणे आईकडे वळले, आणि रेडिओ पुन्हा लागण्याची शक्यता तयार झाली. आनंद येतो तो इथून. बाबा गेल्याची गोष्ट अंतऱ्यात, म्हणजे मुखड्यानंतरच्या कडव्यात, खालच्या सुरांत सांगावी आणि सगळ्यात उंच सूर मुखड्यासाठी राखून ठेवावा. नुसती लय वाढवून गाणे आनंदी होत नाही, उलट शब्द तुटतात.

पट्टी, म्हणजे गाण्याचा 'सा' किती उंचीवर धरायचा हे, निवडताना बहुतेक जण चुकतात. मन भरून आले की गळा आवळतो आणि वरचा सूर पोचत नाही. म्हणून गाण्यातला सर्वांत उंच सूर आपल्या मर्यादेच्या निदान दोन सूर खाली राहील अशी पट्टी घ्यावी.

आता ध्वनिमुद्रण. उन्हाळ्यात नागपूरकरांना कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरची घरघर व पाण्याचा पंप कंडेन्सर माइकमध्ये, म्हणजे बारीक आवाजही टिपणाऱ्या स्टुडिओच्या माइकमध्ये, हमखास येतो. मागाहून सॉफ्टवेअरने तो आवाज काढायला गेले की गळ्यातला बारकावाही पुसला जातो. त्यामुळे पहाटे, कूलर आणि पंखा बंद करून गावे. साध्या घरगुती खोलीत डायनॅमिक माइक, म्हणजे मंचावर हातात धरतात तसला, बरा. तो लांबचे आवाज कमी घेतो. रजई किंवा गादी लोक माइकच्या मागे लावतात. ती गाणाऱ्याच्या पाठीमागे हवी, कारण माइक समोरून ऐकतो आणि गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज सरळ त्यात शिरतो. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटीमीटरवर, मध्ये 'प', 'फ'चा फुंकर अडवणारी जाळी म्हणजे पॉप फिल्टर, मुद्रणाची सेटिंग २४ बिट, आणि आवाजाची पातळी सॉफ्टवेअरच्या मापावर उणे १० डेसिबलच्या आसपास. त्या मापाच्या कमाल टोकाला, शून्यावर, आपटून फाटलेला आवाज पुन्हा नीट होत नाही. कूलर बंद केल्यावर खोली तापते, गिटारच्या तारा सैल पडून सूर उतरतो, म्हणून प्रत्येक टेकआधी, म्हणजे दर वेळी मुद्रण सुरू करण्याआधी, गिटार जुळवून घ्यावी.

गाणे झाले की पुढे कागद येतात, आणि सोसून आलेली मुले इथेच फसतात. कुणी ऐकले याच भरात सही होते. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द सहीआधी शोधावेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांवरची आणि चालीवरची रॉयल्टी गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही. ती फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सभासदांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येते. स्वतः लिहून चाल लावणाऱ्याने आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या अशाच संस्थेकडे गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी नाव नोंदवावे. सोबत्याने दोन ओळी सुचवल्या असतील तर वाटा त्याच दिवशी लिहून ठेवावा, गाणे चालल्यावर तो ठरत नाही.

ऑनलाइन कमाईच्या भरवशावर घर मात्र चालवू नये. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टीच मिळत नाही. त्यापेक्षा शंभर खुर्च्यांच्या खोलीत समोर बसून ऐकणारे लोक नवोदिताला जास्त शिकवतात. मोठी सभागृहे शहरात आहेत, पण ती नवोदितांच्या आवाक्याबाहेरची आहेत. महापालिकेने एखादे वाचनालय किंवा समाजभवन महिन्यातून एक संध्याकाळ अशा गाण्यांसाठी मोकळे करावे, आणि आपण त्या कार्यक्रमाची बातमी देताना गायकाबरोबर गीतकार, संगीतकार आणि संयोजक यांची नावे छापावीत, जमल्यास मुखड्याच्या दोन ओळीही द्याव्यात.

आपले,
काही ध्वनिमुद्रक व संगीत संयोजक,
नागपूर