सागाची 'त्रिंकोमाली' सागात करू नका

महोदय,
मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही शिडाची युद्धनौका आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. तिची प्रतिकृती करणारे हौसेने सागच आणतात, आणि तिथेच फसतात. १:९६ प्रमाणात, म्हणजे फुटाला १/८ इंच, सागाच्या पोताची रेषा दोरखंडाएवढी दिसते. बारीक पोताचे हेदाचे लाकूड घ्यावे. सांगाड्यावर मढवायची लाकडी पट्टी कोमट पाण्यात भिजवून नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर टाचण्यांनी अडकवावी आणि पूर्ण सुकल्यावरच चिकटवावी. ओली चिकटवली तर आकसून फट पडते. नाळेकडे ती निमुळती करावी, पण निम्म्याहून अरुंद नको. पट्ट्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने लावाव्यात. एकच बाजू आधी संपवली की सांगाड्याचा कणा पिळतो. मग कितीही पॉलिश पेपर घासा!

- एक वाचक, रत्नागिरी