सर्पगंधेची अर्धीच गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सर्पगंधा या औषधी वनस्पतीवरचा लेख वाचला. तिची मुळी ‘रक्तदाबावर रामबाण’ हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं, परदेशी लोकांनी ती पळवली आणि तिच्याच गोळ्या करून आपल्याला विकल्या, असा एकंदर सूर. लेख छान सजवलाय, फुलाचा फोटो तर फारच सुंदर. औषध कसं तयार झालं, तेवढं मात्र त्यात नाही.

लेखकमहाशयांनी ‘मुंबईच्या एका डॉक्टरांनी’ असं म्हणून विषय उरकला आहे. त्या डॉक्टरांना नाव होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील. उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन काय झालं, हे त्यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापलं आणि मग जग खडबडून जागं झालं. त्याआधी 1931 मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी या मुळीच्या गुणांबद्दल लिहिलं होतं, दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकींनी तिच्यातली द्रव्यं वेगळी काढली होती. पण बाहेर कुणाच्या ते गावीही नव्हतं. डॉ. वकिलांनी रुग्णांच्या दंडाला पट्टा बांधला, दाब मोजला, लिहिला, औषध दिलं, पुन्हा मोजला. पूर्वजांनी ही मुळी वेडावर आणि सर्पदंशावर वापरली हे खरंच आहे. पण रक्तदाब मोजायचं यंत्रच नव्हतं, तेव्हा ‘रक्तदाबावर रामबाण’ हे त्यांना कळलं कसं, तेवढं लेखकांनी सांगावं. पुढे 1952 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सीबा या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून दाब उतरवणारं द्रव्य, रिसर्पिन, वेगळं काढलं. मुळीत औषधी अंश झाडागणिक कमी-जास्त असतो. गोळीत तो मिलिग्रॅमच्या हिशेबात बांधता येतो. याला पळवणं म्हणतात होय? 1957 साली अमेरिकेतल्या लास्कर संस्थेने डॉ. वकिलांना वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार दिला. चोरीच्या मालाबद्दल मूळ मालकाला बक्षीस देणारे चोर माझ्या तरी पाहण्यात नाहीत.

इथवर मी मुकाट्याने वाचलं. पण लेखाच्या शेवटी वाक्य आलं, ‘वनस्पतीजन्य असल्याने दुष्परिणाम नाहीत.’

माझ्या आईला सत्तरच्या दशकात रिसर्पिनची गोळी सुरू झाली. तेव्हा आम्ही कराडला राहायचो. दाब उतरला, डॉक्टर खूश, वडील खूश. आई मात्र हळूहळू बसूनच राहायला लागली. पुढ्यात तांदूळ निवडायचं सूप घ्यायची आणि एक खडा वेचून तसाच चिमटीत धरून ठेवायची. नाक कायम चोंदलेलं, पदराने पुसून पुसून लाल झालेलं. ‘काय होतंय?’ विचारलं की डोळ्यांत पाणी, आणि उत्तर ‘काही नाही गं.’ डॉक्टर म्हणाले, वय झालं. आत्या म्हणाली, मन रमव. शेजारणीने सत्यनारायण सुचवला, तोही झाला. दाबाची गोळी कुणाच्या डोक्यातही आली नाही, कारण ती दाब तर उत्तम उतरवत होती. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी भलत्याच कारणाने गोळी बदलली आणि काही महिन्यांत आई भाजीवाल्याशी पूर्वीसारखी हुज्जत घालायला लागली.

मी फार्मसीला गेले तेव्हा पुस्तकात रिसर्पिनखाली ओळ होती: नाक चोंदणे, सुस्ती, नैराश्य. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली नॉरअॅड्रेनालिन, डोपामिन, सिरोटोनिन ही निरोप पोचवणारी द्रव्यं रिती करतं. त्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडून दाब उतरतो, नाकातल्या सैल पडून नाक बंद होतं, आणि मेंदूतही तीच द्रव्यं आटतात. स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी 1957 च्या सुमारास सशांना रिसर्पिन दिलं, तर ससे निपचित पडले. मग एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीरात डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचलं, आणि थोड्याच वेळात ते हिंडू-फिरू लागले. मेंदूतल्या डोपामिनचं काम त्यातून उलगडलं, कंपवाताच्या उपचारांची वाट त्यातून निघाली, कार्लसन यांना 2000 सालचं नोबेलही मिळालं. सशांची सुस्ती नीट नोंदली गेली. माझ्या आईची कुणी लिहून घेतली नाही.

अलीकडे काही संशोधक म्हणतात की रिसर्पिन आणि नैराश्याचा संबंध तेव्हा वाटला तितका पक्का नाही. नसेल. पण ते ठरवायलाही नोंदीच लागतात ना? बाजारात येण्यापूर्वी औषध फार तर काही हजार माणसांवर तपासलेलं असतं. त्यापुढचं पाहायचं ते लाखो लोक गोळी घ्यायला लागल्यावर. रोफेकॉक्सिब ही दुखण्यावरची गोळी 1999 मध्ये आली आणि हृदयविकाराचा धोका दिसल्यावर 2004 मध्ये कंपनीला परत घ्यावी लागली. आपल्याकडे औषधांच्या दुष्परिणामांच्या अशा नोंदींसाठी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाची यंत्रणा आहे. 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे, रुग्णाला स्वतः भरता येईल असा मराठी फॉर्मसुद्धा आहे. मी सरकारी दवाखान्यात औषधं देत असताना किती जणांना हे सांगितलं! ‘जाऊ द्या ना ताई, कशाला लफडं’ हेच बहुतेकांचं उत्तर. त्यांना तरी काय बोलणार? पेपरात फुलाचा फोटो येतो, हा क्रमांक येत नाही.

आणि आता विषय निघालाच आहे म्हणून. त्याच पानावर, त्याच लेखाच्या पोटात, ‘रक्तदाब, मधुमेह मुळापासून बरा, गुण न आल्यास पैसे परत’ अशी चौकटीतली जाहिरात आहे. अशा जाहिरातींना बंदी घालणारा कायदा 1954 चा आहे, म्हणजे माझ्यापेक्षा फार लहान नाही. तो आपल्या जाहिरात विभागाकडे अजून पोचला नसेल, तर प्रत पाठवते, टपालखर्च माझा.

मागच्या खेपेला माझं पत्र जागेअभावी निम्मं कापलंत. याही वेळी कापायचंच असेल तर डॉ. वकिलांचं नाव आणि तो क्रमांक सोडून काहीही कापा.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, सातारा