जुन्नर शिवनेरीपाशी संपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै २०२५मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, याचा आम्हा जुन्नरकरांना मनापासून अभिमान आहे. पण बाहेरून येणारी बहुतेक मंडळी शिवजन्मस्थानी माथा टेकवतात, लेण्याद्री आणि ओझरच्या गणपतीचं दर्शन घेतात आणि त्याच दिवशी परततात. तालुक्याचा पश्चिम पट्टा त्यांना दिसतच नाही, याची मला फार खंत वाटते.

पाडळीजवळच्या तुळजा लेण्यातलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, गोल आहे. स्तूपाभोवती बारा खांबांचं कडं. अशी रचना आपल्याकडे अतिशय दुर्मीळ. शहराला लागून असलेल्या मानमोडी डोंगरातल्या भूतलेण्याच्या दर्शनी भागावर चंद नावाच्या यवनाच्या (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) दानाचा लेख आहे. जुन्नरच्याच एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, दिलेल्या दानाची नोंद सापडते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हे बाजाराचं गाव होतं आणि इथले व्यापारी कमाईतला वाटा डोंगर कोरायला देत होते. शाळेतल्या मुलांना हे लेखासमोर उभं करून सांगायला हवं.

तिथून पुढे चावंड किल्ला, मग पूर गावचं कुकडेश्वर मंदिर, जिथे कुकडी नदी उगम पावते, आणि घाटघरवरून नाणेघाट. घाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं (त्या काळची नाणी) यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतीय अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांमध्ये त्याची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे होते. आज वरची नावं आणि पावलांच्या खुणाच काय त्या उरल्या आहेत. पावसाळ्यात वाऱ्याने पाणी वर उडवणारा उलटा धबधबा पाहायला इथे झुंबड उडते, पण त्यातले कितीजण गुहेत शिरून तो लेख पाहतात? वर प्लास्टिकचा कचरा गावाच्या पदरात पडतो तो वेगळाच.

या पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. पावसावरची भातशेती आणि बाळहिरडा (औषधी हिरड्याची कोवळी फळं) यांवर वर्ष निघत नाही, म्हणून कित्येक कुटुंबं नारायणगाव भागात मजुरीला उतरतात. जुन्नरला २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून मान्यता मिळाली. त्याचा पहिला लाभ या घरांना व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

त्यासाठी एसटीने शनिवार-रविवारी जुन्नर स्थानकातून सकाळी एक गाडी सोडावी: पाडळी, चावंड, कुकडेश्वर, घाटघर, नाणेघाट आणि संध्याकाळी परत. प्रत्येक ठिकाणी उतरून नीट पाहता येईल एवढा वेळ द्यावा. माहिती सांगायला त्या-त्या गावातली मुलं-मुली प्रशिक्षण देऊन, मानधनावर नेमावीत. दुपारचं जेवण महिला बचत गटांकडे सोपवावं. तांदळाची भाकरी आणि रानभाजी पंगतीला असली की पाहुणे हॉटेल शोधणार नाहीत. शिलालेखांशेजारी मूळ मजकुराचा सोप्या मराठीतला अर्थ देणारे फलक पुरातत्त्व खात्याने लावावेत. दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू होतात. निदान नाणेघाटाचा फलक आणि ही एक गाडी तोवर व्हावी, अशी संबंधितांना कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, जुन्नर