वाचनाच्या ताळेबंदात अर्धवट सोडलेली पुस्तकेही हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षअखेर आली की ‘यंदा इतकी पुस्तके वाचून झाली’ अशा याद्या झळकू लागतात आणि पाठोपाठ नव्या वर्षाचे संकल्पही येतात. संकल्पाचा आकडा बहुतेक वेळा ५२ असतो, आठवड्याला एक. ग्रंथालयात काम करणाऱ्या आम्हा मंडळींना या उत्साहाचे कौतुकच आहे. पण या याद्यांत अर्धवट सोडलेले एकही पुस्तक नसते, आणि पुढच्या वर्षाचा सारा हिशेब त्या एका आकड्यावर बेतला जातो. म्हणून हा पत्रप्रपंच.

‘एक पुस्तक’ हे मापच मुळात ढिले आहे. युनेस्कोने १९६४ साली आकडेवारीच्या सोयीसाठी पुस्तकाची व्याख्या ठरवली, ती मुखपृष्ठ वगळून किमान ४९ पृष्ठांची. म्हणजे ६४ पृष्ठांचा कवितासंग्रह आणि ९०० पृष्ठांची कादंबरी, यादीत दोन्ही एकेकच. पुस्तकांचा आकडा गाठायचा ठरवला की नोव्हेंबर-डिसेंबरात हात आपोआप बारीक पुस्तकांकडे जातो आणि जाडजूड ग्रंथ ‘पुढच्या वर्षी’वर ढकलले जातात. मोजमापालाच उद्दिष्ट केले की ते मोजमाप कामातून जाते, हा विचार ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो. १९७५ साली त्यांनी तो चलनधोरणाच्या संदर्भात मांडला होता. पुस्तकांच्या कपाटालाही तो तंतोतंत लागू पडतो.

त्यापेक्षा पृष्ठे मोजावीत, आणि त्याआधी स्वतःचा वेग. पुस्तकाच्या मधल्या भागातून, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी २० मिनिटे वाचून किती पृष्ठे झाली ते पाहावे. पहिले प्रकरण या चाचणीला घेऊ नये. पात्रांची आणि शैलीची ओळख व्हायची असते, त्यामुळे तिथे वेग कमी भरतो. कादंबरी, वैचारिक पुस्तक आणि एखादे माहितीपर पुस्तक अशी तिन्हींची चाचणी वेगवेगळी घ्यावी. इंग्रजी वाचनाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ ते २६० शब्द असल्याचे २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात आले आहे, पण तो आकडा मराठीला लावू नये. आपल्याकडे ‘घराजवळच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द भरतो. पृष्ठांचा हिशेब बरा.

समजा, २० मिनिटांत १२ पृष्ठे झाली, म्हणजे तासाला ३६. रोज अर्धा तास वाचले तर १८. वर्षाचे ३६५ दिवस कोणीच वाचत नाही. आठवड्याचे पाच दिवस धरले तर २६० दिवसांत ४,६८० पृष्ठे होतात. सरासरी २४० पृष्ठांचे पुस्तक धरल्यास साडेएकोणीस पुस्तके. आजारपण, प्रवास, कामाची गर्दी यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला की पंधरा-सोळा उरतात. याच वेगाने ५२ पुस्तके वाचायची तर आठवड्याचे पाच दिवस रोज १ तास २० मिनिटे हवीत, तीही एकही खाडा न करता. संकल्प फेब्रुवारीत का मोडतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे. त्यात इच्छाशक्तीचा काही दोष नाही.

हिशेब करायचा तर नोंदवही हवी, आणि नोंद पुस्तक उघडल्याच्या दिवशी करायला हवी. सगळी गडबड इथेच होते. पुस्तक संपल्यावर नोंद करायची सवय असली की सोडलेली पुस्तके वहीत येतच नाहीत. डिसेंबरात आठवून यादी करणाऱ्यांच्या यादीत शेवटच्या तीन महिन्यांची पुस्तके जास्त आणि उन्हाळ्यातली गायब असतात. रकाने थोडेच पुरेत: पुस्तक व लेखक (अनुवाद असल्यास अनुवादकही), एकूण पृष्ठे, सुरू केल्याची तारीख, थांबल्याची तारीख व पृष्ठ, पुस्तक कुठून मिळाले, आणि ते का घेतले. शेवटचा रकाना लोक टाळतात, पण वर्षअखेर सर्वांत जास्त तोच बोलतो. ‘१२ मार्चला सुरू, २ एप्रिलला पृ. ११८ वर बंद; परीक्षण वाचून घेतले; तिसऱ्या प्रकरणापासून तेच ते’ एवढ्या एका ओळीत भागते. चार्ल्स डार्विनने १८३८ ते १८६० या काळात ‘वाचायची’ आणि ‘वाचलेली’ अशा दोन याद्या ठेवल्या होत्या. काही पुस्तकांपुढे नुसती चाळल्याचा शेराही आहे. चाळलेले पुस्तक चाळले म्हणून लिहायला त्याला संकोच वाटला नाही.

पृष्ठे मोजताना दोन-तीन ठिकाणी फसगत होते. छापखान्यात पुस्तक बहुधा १६-१६ पृष्ठांच्या फर्म्यांनी (एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेल्या गठ्ठ्यांनी) तयार होते, त्यामुळे शेवटी कोरी पाने किंवा जाहिराती असू शकतात. प्रस्तावनेचे क्रमांक वेगळे, आणि मागे परिशिष्टे व सूची. मजकूर संपतो ते पृष्ठ धरावे. ई-पुस्तकात टक्के दिसतात, पण टिपा आणि सूची बरीच असली तर मजकूर ८० टक्क्यांतच आटोपतो. श्राव्य पुस्तके तासांत मोजावीत. १० तासांचे पुस्तक सव्वापट वेगाने ऐकले तर ८ तास लागले असे लिहावे. ऐकणे म्हणजे वाचणे का, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी खुशाल घालावा. वहीत वेगळा रकाना केला की भागते.

आता प्रत्यक्ष आढावा. निवांत दोन तास काढावेत. पहिले काम: शेरे झाकून, नुसते नाव वाचून, त्या पुस्तकातले काय आठवते ते तीन ओळींत लिहावे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगात मजकूर पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवडाभरानंतरच्या चाचणीत आठवून पाहण्याचा सराव केलेले पुढे गेले. म्हणजे हा आढावा नुसता हिशेब नाही, त्यात उजळणीही होते. रहस्यकथेपुढची जागा कोरी राहिली तर बिघडत नाही. अर्थशास्त्रावरच्या ४०० पृष्ठांपुढे ती कोरी राहिली, तर मात्र पुढच्या वेळी प्रत्येक प्रकरणाअखेर दोन ओळी लिहायला हव्यात.

दुसरे काम सोडलेल्या पुस्तकांचे, आणि इथे घाई करू नये. कोणत्या पृष्ठावर थांबलो ते आकडे शेजारीशेजारी मांडावेत. ते पहिल्या ३०-४० पृष्ठांत दाटलेले दिसले तर दोष निवडीचा: नाव, मुखपृष्ठ किंवा कोणाच्या तरी शिफारशीवर पुस्तक उचलले गेले. ‘का घेतले’ हा रकाना पाहिला की कोणाची शिफारस आपल्याला मानवत नाही हेही कळते. अशा वाचकांनी घेण्यापूर्वी अनुक्रमणिका आणि मधली चार पृष्ठे वाचावीत. आकडे पुस्तकाच्या मध्याजवळ असतील तर दोष बहुतेक वेळा पुस्तकाचा नसतो. दोन बैठकांत आठवड्याहून जास्त खंड पडला, पात्रे विसरली, मागचे चाळायचा कंटाळा आला आणि पुस्तक राहिले. त्यावर एक साधा उपाय आहे. खूण म्हणून ठेवलेल्या चिठ्ठीवरच पात्रे टिपत जावे: ‘सुमती – डॉक्टरांची बहीण, पृ. १४, दिनकर – तिचा दीर, जमिनीचा दावा, पृ. ३१’. खंड पडल्यावर ही चिठ्ठी आणि आधीची दहा पृष्ठे वाचली की धागा सापडतो. एका वेळी किती पुस्तके उघडी होती हेही तारखांवरून दिसते. तीनच्या वर गेली की मधेच सुटणारी वाढतात. एक जड, एक हलके आणि एक सुटे सुटे वाचता येणारे (कविता, कथा, ललित) एवढे पुष्कळ झाले.

सोडायचे कधी, यावर अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा नियम सोपा आहे: ५० पृष्ठे वाचून पाहा, वय पन्नाशीपुढे असेल तर १०० मधून वय वजा करा आणि तेवढीच पृष्ठे द्या. सत्तरीच्या वाचकाने ३० पृष्ठांत निर्णय घ्यावा. कादंबरीला हा नियम चालतो. इतिहास किंवा वैचारिक ग्रंथाची सुरुवात मात्र अनेकदा पूर्वसूरींच्या खंडनमंडनात जाते, म्हणून तिथे समारोप आणि मधले एक प्रकरण पाहिल्याशिवाय सोडू नये. पुस्तकातली सूची वापरून हवा तेवढाच भाग वाचणे हाही कामचुकारपणा नव्हे. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या ग्रंथालयविषयक १९३१ च्या पंचसूत्रीतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असेच सांगते.

उद्दिष्ट ठरवायचे ते या वहीवरून. आठवड्याची पृष्ठे गेल्या वर्षीच्या सरासरीपेक्षा फार तर दहा टक्क्यांनी जास्त. एखादा जाड ग्रंथ घ्यायचाच असेल तर त्याचा हिशेब वेगळा मांडावा: ९०० पृष्ठे, आठवड्याला ९०, म्हणजे दहा आठवडे, ते दहा आठवडे कोणते हे आधी ठरवावे. एखादा विषय धरून वाचणार असाल तर आधी ओळख करून देणारे छोटे पुस्तक, मग प्रमाण मानला जाणारा ग्रंथ, मग त्याला विरोध करणारे आणि शेवटी मूळ साधने. सर्वांत जड ग्रंथापासून सुरुवात केली की विषयच सुटतो. पुनर्वाचन उद्दिष्टात धरावे, नाहीतर ते ‘आकडा वाढत नाही’ म्हणून होतच नाही. मार्च, जून आणि सप्टेंबरच्या अखेरीस वही उघडून आकडा बदलायची मुभा ठेवावी. ज्यांना उद्दिष्टाचाच जाच वाटतो त्यांनी फक्त वही ठेवावी; तीही पुरते.

आपल्या पुरवणीत वाचकांच्या वार्षिक याद्या छापायच्या झाल्यास एक सूचना आहे. प्रत्येकाकडून पुस्तकांच्या संख्येसोबत एकूण पृष्ठे मागवावीत, आणि सोडलेल्या किमान दोन पुस्तकांची नावे, कोणत्या पृष्ठावर सोडली आणि का, हेही विचारावे. जागा कमी पडली तर वाचून झालेल्यांची यादी कापावी.

कळावे.
आपले,
ग्रंथालयात काम करणारे काही वाचक